पती-पत्नी

सिव्हिल लाइन्सला, कोर्टाच्या भिंतीलगत टपरी.
कूलरचे शिंतोडे स्टॅम्पपेपरवर नकोत
म्हणून नंदनवार बाई त्याला पाठ देऊन बसत.

"काऊन रे पोट्ट्या, केवढी रेघ मारलीस?
देणे-घेणे, घर-जमीन,
इथं आखूड. अंगाला अंग लागून,
एका सायकलवर तिघं बसल्यागत.
अन् पुढं खुलासा असंल तर लांब,
दोन्हीकडं श्वासापुरती जागा.
पण कोर्ट ते कामठी नको ओढू."

मी मान हलवायचो
अन् सगळीकडे एकच बटण दाबायचो.

मे महिन्यात अर्ज आला, संमतीचा.
मी टाइप केलं
पती — पत्नी
लांब रेघ, दोन्हीकडे मोकळं.
मला वाटलं, शोभतंय.

बाईंनी लाल पेन काढला.
रेघ खोडून आखूड केली,
शब्द ओढून जवळ आणले.
"हुकूम व्हायचाय अजून," म्हणाल्या,
"तोवर तोडणारे आपण कोण?"

चारही प्रती पुन्हा काढल्या.
सह्या घ्यायला बाहेर गेलो तर
बाकावर दोघं.
मधे एक हेल्मेट, पाण्याची बाटली.
ही कुठली रेघ म्हणायची,
उन्हात उभा राहून
मी उगाच मोजत राहिलो.