पान कोरंच होतं

गल्लीच्या टोकाला तीन वकिलाती
आणि कोपऱ्यावर माझं दुकान: नुगझार फोटो, तिबिलिसी.
आनंदी माणूस सहसा इकडे फिरकत नाही.
येतात ते खिसे चाचपत,
दाराशीच बॅग उपडी करत,
‘आत्ता तर इथेच होता’ असं पुटपुटत.
ते वाक्य मला आता अकरा भाषांत कळतं.

कुणाचा पँटबरोबर धुतला गेलेला,
कुणाचा बटुमीच्या समुद्रात,
एका गृहस्थाचा कुत्र्याने खाल्लेला.
मुखपृष्ठावरचा सोनेरी सिंह तेवढा उरला होता.

परवा वेस्ना आली, ल्युब्लियानाची.
मागोमाग सहा वर्षांचा मातिया.
विमानतळावर पहाटे चार वाजता
काउंटरवरच्या पोरसवदा मुलीने
पान सतरा उघडून तिच्याकडे वळवलं म्हणे:
निळ्या बॉलपेनाचं मांजर,
शेपूट लांबत लांबत
थेट तुर्कस्तानच्या शिक्क्यावर गेलेलं.
‘दस्तऐवज खराब,’ एवढंच ती बोलली.

मुलगा रडत नव्हता. बाजू मांडत होता:
‘पान कोरंच होतं की!’

वकिलात साडेबाराला बंद.
घड्याळातही बारा वाजलेले.
स्टुलावर बसवलं तिला. मागे पांढरा पडदा,
हनुवटी जरा वर, कान दिसू देत,
तोंड मिटलेलं, हसायचं नाही.
‘हसू कुठून येणार?’ ती म्हणाली. डोळे लालभडक.
असले डोळे कुठल्याच सरकारला चालत नाहीत.
मी आत हाक मारली. त्सियालाने ओला रुमाल आणला,
न विचारताच चहा,
आणि मुलाच्या हातात चुर्चखेला, अक्रोडाची.

चहा निवेपर्यंत मी माझं सांगितलं.
एक्क्याण्णवच्या डिसेंबरात मी रिगाला होतो,
एका फोटो लॅबमध्ये, रसायनांच्या वासात.
माझा पासपोर्ट धडधाकट, शिक्के ठसठशीत,
मुदत लिहिलेलीच नव्हती त्यावर. जन्मभराचा.
देश मात्र तेवढा टिकला नाही.
खिडकीतला बाबू तो उलटसुलट करत राहिला,
जत्रेत खोटं नाणं हाती आल्यासारखा.
‘मग काय केलंत?’
काय करणार! रांगेत उभा राहिलो.
पुढच्या बाईने अर्धा काळा पाव मोडून दिला.
नाव नाही, गाव नाही; आधी खा म्हणाली.
कागदाला पुढे सात महिने लागले.

‘आणि तुमच्या पासपोर्टात मांजर होतं?’
मातियाने मध्येच विचारलं.
नव्हतं रे, मी म्हटलं.
असतं तर निदान ते तरी माझ्या बाजूचं असतं.

आणि वेस्ना हसली. खदखदून,
नेमकी मी बटण दाबताना.
तो फोटो बाद.
लगेच दुसरा काढला: कोरा चेहरा, नियमात बसणारा,
तिचा म्हणून फक्त सरकारच ओळखेल असा.
चार प्रती कापून दिल्या. ती धावत सुटली,
पोरगं हाताला लोंबकळत.

बाद फोटोंचा एक खण आहे माझ्याकडे.
शिंकलेले, मिटल्या डोळ्यांचे, मध्येच रडू फुटलेले.
फेकून दे, त्सियाला म्हणते. दर रविवारी म्हणते.

त्यांना वेळेत कागद मिळाला का, कळलं नाही.
संध्याकाळी हिशेबाला पावतीपुस्तक उघडलं
तर तिथे एक मांजर बसलेलं,
ऐसपैस,
शेपूट एकूण रकमेवर.