पांढऱ्यावर काळं

पहिल्या दिवशी पडद्यावर बर्फ निळा आला.
दुसऱ्या दिवशी पिवळा, श्रीखंडासारखा.
इम्तियाज सुर्वे, केबलवाला, म्हणाला,
घणसोलीत निम्मे टीव्ही जुनेच आहेत,
त्यांना चालेल.
मला चालणार नव्हतं.

तुर्भ्याच्या एमआयडीसीत हे बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज.
इथे आधी सफरचंदं झोपायची.
आता लडाखची नऊ मुलं
आणि ऐरोलीच्या स्केटिंगवाल्या मुली
काठ्या घेऊन एकमेकांच्या अंगावर जातात
एका काळ्या चकतीसाठी,
जी माझ्या चारही कॅमेऱ्यांना दिसत नाही.

वडील मास्तर होते. पांढऱ्यावर काळं दिसलं पाहिजे,
म्हणायचे, बाकी शिक्षण नंतर.

चारपैकी दोन कॅमेरे लग्नाचे,
एक कबड्डी मंडळाचा, उसना,
आणि एक वैभव भगतचा. भाडं नको म्हणाला,
फक्त शेवटी नाव द्या.
त्याला सांगितलं, चकती धर.
तो माणसं धरतो. सवय.

बाहेर छत्तीस अंश.
दारातून आत येताच काचांना मोतीबिंदू.
दिवाळ्याच्या वेणूबाई नाखवा, त्यांची नात उजव्या बगलेला खेळते,
डब्याची पिशवी ठेवून हसल्या:
पापलेटाला पन असा एकदम भायेर काढीत नाय कोन.
चारही कॅमेरे गोणपाटात गुंडाळून
तासभर उंबऱ्यात ठेवले त्यांनी,
थंडी घोटघोट पाजली.
मग बर्फावर तळहात टेकवून म्हणाल्या,
घाम आयलाय याला. दिवं कमी कर.

जयवंत डेकोरेटर शिडीवर चढला,
चार हॅलोजन उतरवले,
उरलेल्यांवर मांडवाचं कापड ताणलं,
आणि बर्फ बर्फाच्या रंगाचा आला.
पंधरा वर्षं पॅनलवर बसते मी.
पांढरा कसा असतो, कुणी सांगितलं नव्हतं.

समालोचनाला दिगंबर मढवी, हळदीत माईक धरणारा.
नियम एका रात्रीत पाठ केले, सकाळी निम्मे उरले.
ऑफसाइडला ओरडला, नवरदेवाआधी वऱ्हाडी मांडवात!
दोन मिनिटं बाहेर बसवलेल्याला
रुसलेला जावई ठरवून टाकलं.
रबाळ्याहून फोन आला,
जावई परत कधी येणार.

शेवटचं सत्र. दोन-दोन.
मी ओरडले, दोनवर जा, दोनवर,
आणि दोनवर वैभव होता,
आणि वैभव एका बाईवर होता.
ऐरोलीच्या गोलकीपरची आई,
ओढणीचं टोक दातांत, डोळे गच्च.

तिथून निघायला हवं होतं.
बोट बटणावर होतं.

बाईंनी डोळे उघडले.
ओढणी सुटली, दात तसेच राहिले.
गोल झाला, आणि कुणावर झाला,
हे घणसोलीपासून रबाळ्यापर्यंत सगळ्यांनी
त्या तोंडावर वाचलं.
दिगंबरसुद्धा गप्प. त्याला मॉनिटरवर तेवढंच दिसत होतं.

नंतर फोनच फोन. परत दाखवा.
परत दाखवायचं यंत्र आमच्याकडे नाही, म्हटलं.
एक माणूस म्हणाला, गोल नको हो,
त्या बाई दाखवा.

बर्फ खरवडून कोपऱ्यात ढीग लावला मुलांनी.
फुकट कशाला घालवता, म्हणत
वेणूबाईंनी दोन टब भरून नेला, टेम्पोतून.
सामान मोजलं: काठ्या बरोबर, वायरी बरोबर,
चकती एक कमी.
आणि वैभवचं नाव द्यायचं राहिलं ते राहिलंच.

पहाटे फोन.
तुमचा कायतरी काला माझ्या पापलेटांत आयलाय.
असू द्या, म्हटलं, आणते नंतर.
नंतर नको, म्हणाल्या,
गिऱ्हाईक भाव विचारतंय.