एक मिनिट

वणी-मारेगाव रस्त्याला, कोळशाच्या धुळीत
दोन जुन्या गाड्या.
एक साध्या इंजिनाची, चढ दिसला की सुस्कारे टाकणारी.
दुसरी टर्बो. तिसरा मालक. टायरांनाही पॉलिश.

मला मंडपाचे पाइप लादून
पार पाटणबोरीपर्यंत जायचं असतं.

कुमरे मिस्त्रीनं टर्बोची नळी काढली,
बोटानं पंखा हलवून पाहिला.
बोटाला तेल. थोडंच.
"साधी मरनच एक दिवस, पण सांगून मरन.
हे सांगत नाही."
मग मालकाकडं वळून:
"घरी पोचल्याबरोबर चाबी काढता का हो?"

मालक गप्प.
मागच्या सीटवरून त्याची बायको बोलली,
"हे? गाडी घुरघुरत ठेवून फाटकाशीच बसून रायतेत.
वरण थंडं होते माह्यं."

मिस्त्री सकाळपासून पहिल्यांदा हसला.
"घेऊन टाका," म्हणाला.

आता मीही बसतो फाटकाबाहेर,
हात चाबीवर,
आतला पंखा निवेपर्यंत.
तुरीत कुठंतरी टिटवी.
पोरगी दारात येते, बघते, आत जाते.

निळा धूर अजून नाही.
आरशात रोज पाहतो.