‘ह’सकट

विदर्न्सीच्या नोंदणी कचेरीत
मंगळवारी मृत्यू, शुक्रवारी लग्नं,
जन्म मधल्या वारी, जमेल तसे.
खिडकीतून दीपगृह दिसतं, भर वस्तीत उभं,
समुद्राला घाबरून चार गल्ल्या मागे सरकलेलं.

माझं आडनाव दप्तरदार.
आमच्यात सहा पिढ्यांत कुणी दप्तर बांधलं नाही.
वडील एसटीच्या डेपोत टायर बदलायचे,
काका विमा विकायचा.
आडनाव आपलं दारावरच्या पाटीपुरतं.
इथे आलं तेव्हा कुठे कामाला लागलं,
तेही ‘मिसेस डॅफ्टर’ होऊन.

त्या मंगळवारी क्लिफर्ड अ‍ॅमरगेल आले,
बहिणीचा मृत्यू नोंदवायला.
काखेत भिंतीच्या कागदाची गुंडाळी.
स्पेलिंग विचारलं तर म्हणाले,
“कुठलं देऊ? तीन आहेत.”

गुंडाळी माझ्या टेबलावर पसरली.
पाठकोऱ्या बाजूला डोरीनबाईंनी
चाळीस हिवाळे बसून काढलेला वंशवृक्ष.
कोपरा उलटला की गुलाबी वेल,
आईच्या झोपायच्या खोलीतली.

मूळ कुळाचं हॅमरगेल.
कुणी म्हणे हातोडा, म्हणजे लोहार असणार.
कुणी म्हणे गेल, म्हणजे वादळ.
डोरीनचं म्हणणं, ते गाव होतं;
चर्च, विहीर, अठरा चुली.
एका रात्रीत नाही गेलं,
दर वर्षी दोन हात, निवांत, खरवस खावा तसं
समुद्रानं खाल्लं.

आणि ‘ह’?
या किनाऱ्यावर समुद्र गावं गिळतो,
माणसं ‘ह’ गिळतात.
पाद्रीबुवांनी ऐकलं तसं लिहिलं,
एका बाप्तिस्म्याला हॅमर, पुढच्याला अ‍ॅमर,
मध्येच एकदा ओमर,
तेव्हा बहुधा पाद्रीबुवांचंच तोंड जड झालं असावं.

अठराशे एक्याऐंशीच्या शिरगणतीत एकतीस,
सगळे नऊ मैलांच्या पट्ट्यात.
तिथून पुढे नुसती वजाबाकी.
एकाच होडीवर तिघे भाऊ आणि चुलता.
फ्लँडर्सच्या चिखलात दोघे, एकाचं बूट सापडलं.
एक सास्कॅचेवानला गेला
आणि थंडीनं की लाजेनं, नुसता ‘गेल’ उरला.
मुली सात. सातीजणींनी
चर्चच्या दाराशी चपला काढाव्यात
तसं आडनाव काढून ठेवलं,
परत घालायला कुणी आली नाही.
डोरीननं लग्न केलं नाही.
“नावासाठी?” मी विचारलं.
“छे! बोटीवरच्या डब्यासारखा वास यायचा त्याला.”

फॉर्म भरला. ‘ह’ वगळून,
कायद्याला शेवटचा कागद तेवढा माहीत.
प्रत साडेबारा पौंडांना. त्यांनी एकच घेतली.
“आता मी,” म्हणाले, “एक.
मतदारयादीत शोधायला सोपं.”

उठता उठता माझ्या वहीकडे बघत थबकले,
कोपऱ्यात माझीच भाजीची यादी, मराठीत.
“आमचं कसं दिसतं हो, तुमच्यात?”
मी पेन उघडलं आणि अडले.
हे कुणी आजवर लिहिलंच नव्हतं.
पाद्रीबुवांचा हात असा थांबला असेल का
क्षणभर?
“‘ह’ घालू की नको?”

ते बराच वेळ गप्प.
बाहेर सीगलनं कुणाच्या तरी चिप्स पळवल्या.
मग हळूच, सावकाराकडचं गहाण सोडवावं तसे म्हणाले,
“घाला. देऊन टाका परत.”

हॅमरगेल.
डोक्यावर चंद्र, मधे र, शेवटी ल.
त्यांनी वरच्या रेघेवरून बोट फिरवलं.
“हे सगळे एकाच दोरीला वाळत घातलेत.”
मग, “या लिपीत आम्ही किती?”

“एक,” मी म्हटलं. “पण आजच सुरुवात झाली.”

चिठ्ठी टोपीच्या अस्तरात घालून
ते चार दहाची बस गाठायला निघाले.
गुंडाळी टेबलावरच राहिली,
गुलाबाची बाजू वर.
दप्तरात ती कुठे लावायची
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.