पावती क्रमांक दोनशे सतरा

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून
हिशेबनीस म्हणून निवृत्त झालो, त्याच आठवड्यात
मंडळीनं लोखंडी पेटीची किल्ली
माझ्या गळ्यात घातली.
तेव्हापासून देवाचं घर माझ्याकडे
रुपये-पैशांत आहे.

वडगाव शेरीचं आमचं जुनं मेथडिस्ट चर्च, वर पत्रा.
लोहगावची लढाऊ विमानं गेली
की पाळकसाहेब वाक्याच्या मध्येच थांबतात, बोट वर करून,
आवाज ओसरला की तिथूनच पुढं.
उत्तरेच्या भिंतीला तडा.
दर दिवाळीच्या सुट्टीत सुवार्ता भालेराव
त्याच्या टोकाशी पेन्सिलीनं तारीख घालते.
आता पेन्सिल खिडकीपर्यंत पोचली आहे.

नवा नकाशा आला. आर्किटेक्टनं त्यात
छोटी छोटी माणसं काढलीत,
सगळी सडपातळ, कुणाच्या हातात डबा नाही,
एकही पोर रडत नाही.
"ही कुठली मंडळी?"
डोर्कसबाई ओहोळांनी चष्मा पुसून विचारलं.

सभा तीन तास.
घंटेचा मनोरा हवा, म्हणाले इंजिनिअर उजगरे.
आधी संडास, म्हणाल्या बायका,
आणि दुसऱ्यांदा म्हणाव्या लागल्या नाहीत.
दुबईहून फोनवर कुणी विचारत होतं,
संगमरवरी पाटीवर वडिलांचं नाव किती इंच.
महापालिकेचा शेरा: पार्किंग दाखवा.
आम्ही सायकलवाली माणसं होतो,
हे कुठल्या रकान्यात भरायचं?

कापणीच्या सणाला लिलाव.
एक दुधी भोपळा चार वेळा विकला गेला,
जो घेई तो पुन्हा टेबलावर ठेवून जाई.
अकराशेला बोली थांबली, तरी संध्याकाळी
दुधी आपला पायरीवरच.
मी घरी नेला. भाजी झाली.
त्याची पावती फाडली नाही, हे इथं कबूल.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी
दानाच्या थैलीत एक पाकीट. नाव नाही.
तीनशे दहा, दोनशे ऐंशी, एकदा चारशे पाच.
गोल आकडा कधीच नाही,
म्हणजे गल्ला झाडून देणारा माणूस.
मी लिहायचो: एक हितचिंतक.
दोनशे सतराव्या पावतीला
कार्बनवर माझी बोटं पांढरी उमटली.
पाकीट झटकलं.
पीठ.

मागच्या गल्लीत शिमोन रणदिवे यांची गिरणी.
डोर्कसबाईंचं दळण तिथंच असतं.
अकरा वर्षं शिमोन आलेले नाहीत.
वर्गणी तीन वर्षं थकली, म्हणून यादीतून नाव काढलं.
ठराव मांडणारा मी.
नियम बरोबर होता. अजूनही बरोबर आहे.
पुढच्याच महिन्यात त्यांची बायको गेली,
कबरस्तानाच्या अर्जावर पेन टेकवून
मी विचारलं होतं: सभासद आहात?

सोमवारी पाच किलो ज्वारी घेऊन गेलो.
पट्टा फिरत होता. त्यांच्या भुवया पांढऱ्या,
वयानं की पिठानं, कळेना.
"जाड की बारीक?" त्यांनी विचारलं.
मी म्हणालो, बारीक.
पावती वजनाखाली सरकवली, पूर्ण नाव घातलेली.
त्यांनी वाचली.
विजेच्या बिलांच्या तारेत खोचली,
आणि दळणाचे पैसे घेतले. सगळे.
सुट्टे परत दिले.

काल समितीत दाराचा विषय निघाला.
सगळ्यांचं मत, रस्त्याकडे.
मी म्हणालो, एक दार मागच्या गल्लीलाही हवं.
"खर्च?" उजगरे माझ्याचकडे बघत.
आकडा मला पाठ होता.
म्हटलं,
तिकडून वारा येतो.