दम खात खात

वाल्पाराइसोत बंदराच्या डोक्यावर टेकड्या आहेत.
त्यातल्या एकीच्या अंगाला चिकटून दोन लाकडी डबे,
एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो.
चौतीस वर्षं त्यांचा दांडा माझ्या हातात होता.
गरोदर बायका, गॅसचे सिलिंडर, एकदा तर एक शवपेटी,
सगळ्यांना मी बसल्या जागेवरून चढवलं.
शेजारचा जिना?
तो लिफ्ट बंद पडली की लोकांनी मला शिव्या द्यायला होता.

आता यास्ना म्हणते, डॉन एलिओदोरो, जिना.

यास्ना सव्वीस वर्षांची. पायात पोपटी बूट.
तिच्याकडे एक घड्याळ, एक तक्ता आणि चार आठवडे.
त्यानंतर उजव्या फुप्फुसाचा वरचा मजला
सर्जन उतरवून घेणार आहेत.
मी म्हटलं, उद्याच कापा की, वाट कसली बघता?
ती म्हणाली, मजला उतरवायच्या आधी
खालचे खांब तपासतात.
त्रेचाळिसाव्या पायरीवर मी फतकल मारून बसलो.
पायऱ्या एकशे एकसष्ट.
तिने तक्त्यात लिहिलं: त्रेचाळीस.
चेहऱ्यावर ना शाबासकी, ना कीव.

घरी उबेर्लिंदा.
तिने उभा जन्म मासळीबाजारात तराजू धरला,
तराजूवर तिचा जेवढा विश्वास
तेवढा माझ्यावर कधीच नव्हता.
माझं वजन नऊ किलोंनी उतरलंय हे कळल्यापासून
मर्लुझाचा तुकडा तोलून माझ्या ताटात पडतो.
सकाळी दोन अंडी. दुपारी मसूर.
चारच्या ठोक्याला दुधात कालवलेली ती भुकटी,
जिची चव व्हॅनिला लावलेल्या भिंतीसारखी.
"भूक नाही," मी म्हणतो.
"भुकेला कोण विचारतंय?" ती म्हणते.

बेचाळीस वर्षं मी दम मारले.
आता दम लागतो, आणि दम धरायला शिकतोय.
प्लॅस्टिकच्या पेटीत तीन निळे गोळे आहेत,
नळीतून श्वास आत ओढायचा की ते उचलतात.
पहिला उचलतो, थोर माणूस.
दुसरा मनात आलं तर.
तिसरा तळाशी बसून माझ्याकडे बघतो,
पगार न वाढवणाऱ्या साहेबासारखा.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी
मी गुपचूप लिफ्टमध्ये शिरलो.
दांड्यावर आता इसाइयास असतो. पोरगं.
त्याने भाडं घेतलं नाही, मान खाली घातली.
अर्ध्या वाटेत समोरून दुसरा डबा गेला, रिकामा.
इतक्या वर्षांत त्या क्षणी कधी
पोटात खड्डा पडला नव्हता.
वर यास्ना उभी. म्हटलं, आलो, पुऱ्या एकशे एकसष्ट.
तिने बोटाला चिमटा लावला, आकडा वाचला:
"अभिनंदन. नाडी झोपलीय अजून."

मग चढलोच.
वीस पायऱ्या, दम खा. पंधरा पायऱ्या, दम खा.
लिफ्टमधून समुद्र दिसायचा.
जिन्यावरून दिसतात लोकांच्या मोऱ्या,
उलटे टांगलेले पायमोजे, कांदा परतल्याचा वास,
आणि एका डोळ्याचा कुत्रा, जो सत्तरीपर्यंत सोबत येतो
आणि पुढे का कोण जाणे येत नाही.
एकशे चाराव्या पायरीवरच्या बाईंनी
एक दिवस न बोलता बाहेर खुर्ची ठेवली.
मी बसलो नाही. दुसऱ्या दिवशी बसलो.

काल वर पोचलो तेव्हा
खाली जहाजांवर दिवे लागत होते.
मी हरवलंबिरवलं नाही कुणाला.
गाठ आहे तिथेच आहे,
माझ्यासोबत तीही एकशे एकसष्ट चढली.
पण मांड्या थरथरत होत्या त्या भीतीने नाही,
एवढा फरक आता मला कळतो.

रात्री पेटीतला तिसरा गोळा हलला.
उचलला म्हणणार नाही. हलला.

उद्या पहाटे उपाशीपोटी जायचंय,
पाण्याचा घोटही नाही, कागदावर ठळक लिहिलंय,
उबेर्लिंदाने चष्मा लावून दोनदा वाचलंय.
पिशवीत पायमोजे, दाढीचं सामान, निळ्या गोळ्यांची पेटी.
आणि स्वयंपाकघरात, ऐकतोय मी,
पातेल्यात दोन अंडी
एकमेकांवर हळूच आपटताहेत.