पाऊसपट्टी

खाली शिडी धरून फ्राउ किन्ट्सले,
वय एक्क्याऐंशी, पायांत रबरी बूट.
वर मी. महापालिकेचा माणूस.
काखेत फॉर्म, खिशात पोलादी पट्टी.
पट्टी ठरवायची तीही पट्टीनंच.

आमच्या श्टुटगार्टात
पावसालाही पट्टी आहे.
तुमच्या छपरावर पडून
जे पाणी गटाराकडे धावतं
त्याचे पैसे, चौरस मीटरवर.
पण छपरावर माती असेल
आणि मातीत काही जगत असेल,
तर निम्मी माफ.
म्हणजे माझी नोकरी ही, की हिशोब ठेवायचा
खाली न आलेल्या पाण्याचा.
बायको विचारते, आज काय मोजलंस?
न पडलेल्या पागोळ्या, मी म्हणतो.
ती मला आणखी एक बटाटा वाढते.

छप्पर चौसष्ट मीटर, सात वर्षांचं.
सेडमची गादी, ऑक्टोबरात गंजल्यासारखी लाल.
मध्येच बर्चचं एक रोप, बोटभर,
ते उपटा असं नियम म्हणतो.
मी अजून म्हटलेलं नाही.

माती हवी सरासरी दहा सेंटिमीटर.
पाच ठिकाणी टोचायचं.
नऊ.
साडेआठ.
नऊ.
आठ.
"बसली हो माती," खालून आवाज,
"सात वर्षांत कोण बसत नाही, हेर याल्चिन?"

पाचवी जागा मी निवडायची असते.
धुराड्यामागे जरा उंचवटा,
त्यावर ज्यानं मांजरं वेडी होतात
तो जांभळा पुदिना, अजून फुललेला.
मी तिकडे सरकलो
तशी शिडी हलली.
"तिथे नको."
मग बऱ्याच वेळानं,
"तिथे मोरले आहे."

मोरले. इकडे दर दुसऱ्या काळ्या मांजरीचं नाव हेच.
अंगण नाही बाईंना.
मार्चमध्ये, एकट्या, याच शिडीवरून
आधी मातीची सहा पोती,
मग ती.
कशी, ते मी विचारलं नाही.

मांजरीसाठी फॉर्मात रकाना नाही.
छपरावर दफन हे खातं वेगळं, दुसऱ्या मजल्यावर,
आणि तिथल्या हेर श्टॉट्सना मी चांगला ओळखतो.

पट्टी कडेकडेनं घातली, हलकेच,
झोपलेल्याच्या उशाखालून किल्ली काढावी तशी.
सोळा.

बेरीज साडेपन्नास, भागिले पाच:
दहा पूर्णांक एक दशांश.
शेऱ्यात लिहिलं, "स्थानिक उंचवटा. वनस्पती जोमदार."

खाली उतरलो. सहीसाठी पेन दिलं.
"किती वाचतील?"
"तेवीस युरो. दरसाल."
बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला,
आकडा दोनदा वाचला.

"अठरा वर्षांत एक उंदीर आणला नाही हो घरात,"
त्या म्हणाल्या,
"आत्ता कुठे कमवायला लागली."